तळघरात की गच्चीवर?

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त भूगोल शिक्षिकेची उत्तरं

मागच्या अंकात मी ‘निसर्ग’ वादळाची आठवण लिहिली होती. ३ जून २०२०, ऐरोलीतलं आमचं चौथ्या मजल्यावरचं घर, खिडक्यांच्या फटींत कोंबलेली सासूबाईंची जुनी लुगडी आणि खाली आडवा झालेला गुलमोहर. त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्या पत्रांत वादळ, त्सुनामी, भूकंप आणि टोर्नेडो यांची एकाच पातेल्यात खिचडी झाली होती. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हेच घेते.

आमच्या सोसायटीच्या फलकावर कमिटीने कागद लावला आहे : ‘त्सुनामी, चक्रीवादळ, टोर्नेडो वा अन्य नैसर्गिक आपत्तीच्या वेळी सर्व सभासदांनी बेसमेंट पार्किंगमध्ये जमावे.’ मी हरकत घेतली तर सेक्रेटरी म्हणाले, परदेशात असंच करतात. कोण बरोबर? – एक वाचक, घणसोली

तुम्ही. तो कागद आज संध्याकाळच्या आत काढायला लावा.

सेक्रेटरींनी अगदीच हवेत बाण मारलेला नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा, कॅन्ससच्या सपाट मुलखात माणसं खरंच तळघरात उतरतात. पण ती टोर्नेडोसाठी. त्सुनामी आली आणि कोणी तळघरात उतरलं तर तो स्वतःच्या पायांनी हौदात उतरला म्हणायचा. त्या कागदाची गंमत अशी, की ज्या आपत्तीत तो बरोबर आहे ती नवी मुंबईत जवळपास कधी येणार नाही, आणि ज्या येऊ शकतात त्यांत तो जीव घेईल. तुमच्या बेसमेंटमध्ये दर जुलैत पंप लागतो की नाही, ते सेक्रेटरींनाच विचारा.

आता फरक नेमका कुठे आहे ते सांगते. शाळेत मी यासाठी दोन वस्तू न्यायचे, एक लाटणं आणि एक परात.

आधी लाटणं. पोळपाटावर लाटणं आडवं ठेवा आणि त्याच्यावरून हलकेच तळवा सरकवा. ते आडव्या आडवं गरगरतं. हवेतही असंच होतं. जमिनीलगत वारा मंद, झाडाघरांना अडखळत चाललेला. वर मात्र जोरात आणि दिशाही वेगळी. या फरकामुळे मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. त्याच वेळी तिथे गडगडाटी वादळाचा मोठा ढग असेल, तर त्यात वर चढणारी गरम, दमट हवा हे लाटणं उचलून उभं करते. उभं राहिलेलं, वेगाने फिरणारं आणि जमिनीला टेकलेलं हे लाटणं म्हणजे टोर्नेडो. दरवेळी ते उभं राहतंच असं नाही आणि राहिलं तरी फार टिकत नाही. रुंदी बहुधा काहीशे मीटर, आयुष्य बहुधा दहा मिनिटांच्या आतलं. अपवाद आहेतच. १८ मार्च १९२५ रोजी अमेरिकेच्या तीन राज्यांतून गेलेला एक टोर्नेडो सुमारे साडेतीन तास जमिनीवर होता आणि त्याने ६९५ माणसं मारली. सगळ्यात जबर टोर्नेडोत वारा ताशी ३२० किलोमीटरच्या पुढे जातो. माणूस मरतो तो बहुतेक वेळा उडून आलेल्या पत्र्याने, फळीने, विटेने. म्हणून जमिनीखाली जायचं. तळघर नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावर, मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत.

आता परात. माझ्याकडे एक जुनी ॲल्युमिनियमची परात होती. तिचा तळ पोचलेला, आत दाबला की अडकून राहायचा आणि मग एकदम ‘टप्’ करून बाहेर उसळायचा. तिच्यात पाणी घ्यायचं. वरून फुंकर मारली की बारीक तरंग उठतात, तेही वरच्या वर. ही वाऱ्याने उठणारी नेहमीची लाट. पण तळ ‘टप्’ झाला की परातीतलं सगळंच्या सगळं पाणी हलतं, काठावरून सांडतं, पहिल्या बाकावरच्या मुली भिजतात. समुद्राच्या तळाशी भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, एकमेकांखाली सरकताना असेच अडकतात, वर्षानुवर्षं दाबले जातात आणि एखाद्या क्षणी सुटतात. तळ उचलला जातो, त्याबरोबर वरचं तीन-चार किलोमीटर खोल पाणी उचललं जातं, आणि ते उचललेलं पाणी चहूकडे पसरत निघतं. ती त्सुनामी. कधी हे काम ज्वालामुखी करतो, १८८३ साली क्राकाटोआने केलं तसं. कधी समुद्रात कोसळलेली दरड करते. पण बहुतेक वेळा भूकंपच.

यातली खरी मेख अशी, की त्सुनामीचा हवामानाशी काही संबंध नाही. आभाळ निळंभोर असतं, वारा पडलेला असतो. २६ डिसेंबर २००४ची रविवारची सकाळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशीच होती. सुमात्राजवळ भूकंप झाला तो आपल्या घड्याळात सकाळी साडेसहाच्या सुमाराला, आणि चेन्नईला लाट पोचली ती साधारण अडीच तासांनी. अडीच तास हातात होते. हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणा मात्र नव्हती. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांहून जास्त माणसं गेली.

इथे एक कबुली देते. त्या डिसेंबरच्या आधी पाठ्यपुस्तकात त्सुनामीवर दोनच ओळी होत्या आणि परीक्षेला येत नाहीत म्हणून मी त्या गाळायचे. परात नंतर आली.

तर तुमच्या फलकावर काय लिहायचं? आपत्तींची नावं खाली-वर रचण्यापेक्षा प्रत्येकीला विचारा : बाई, तू किती वेळ देतेस आणि मी कुठे जाऊ? चक्रीवादळ दोन-तीन दिवस देतं. घरात थांबा, खिडक्यांपासून लांब बसा, किनाऱ्याला लागून किंवा पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी आधीच हला. त्सुनामी काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत देते. वर जा, पक्क्या आरसीसी इमारतीचा तिसरा मजला किंवा त्याहून वर, नाहीतर किनाऱ्यापासून दूर. टोर्नेडो दहा-पंधरा मिनिटं देतो, तीही रडार आणि नशीब दोन्ही बरं असेल तर, खाली जा. भूकंप काहीच देत नाही. असाल तिथे टेबलाखाली शिरा, डोकं झाका, हादरे थांबल्यावर जिन्याने उतरा. आणि बेसमेंट गाड्यांसाठी राहू द्या.

मी सहावीत आहे. पाणी मागे गेलं की त्सुनामी येते असं बाईंनी शिकवलं. पण आमच्या खाडीचं पाणी तर रोज मागे जातं आणि सगळा चिखल दिसतो. मग खरी कुठली हे कसं ओळखायचं? – एक विद्यार्थिनी, ऐरोली

या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा.

घड्याळाने ओळखायचं. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास लागतात. पाणी असं हळू उतरतं की बघत बसलीस तर कळतही नाही. डबा खाऊन परत आलीस की चिखल जरा जास्त दिसतो, इतकंच. रोहित पक्षीसुद्धा त्या उतरत्या पाण्यामागून निवांत पुढे सरकत जातात. त्सुनामीच्या आधी पाणी ओढलं जातं ते काही मिनिटांत. ओहोटीची वेळ नसताना, उभ्या उभ्या, नळ सोडल्यासारखं. नेहमी बुडालेले खडक उघडे पडतात, मासे तडफडायला लागतात.

साधी लाट आणि त्सुनामी यांतला फरकही घड्याळातच आहे. जुहूला एक लाट पायावर आली की पुढची दहा-पंधरा सेकंदांत येते. त्सुनामीच्या दोन लाटांमध्ये दहा मिनिटांपासून तासभरापर्यंत अंतर असतं. म्हणजे लाट येते आणि मग येतच राहते, पाणी चढतच जातं. चित्रात काढतात तशी कमानीसारखी वळलेली ती क्वचितच असते. मला ती उतू जाणाऱ्या दुधासारखी वाटते.

तुझ्याच वयाची, दहा वर्षांची टिली स्मिथ नावाची ब्रिटिश मुलगी २००४ला थायलंडमध्ये फुकेतच्या किनाऱ्यावर आईवडिलांबरोबर फिरत होती. दोनच आठवड्यांपूर्वी तिला भूगोलाच्या तासाला त्सुनामी शिकवली होती. पाणी फेसाळत विचित्र वागायला लागलेलं बघून तिने आरडाओरडा केला, किनारा रिकामा झाला आणि तिथली सगळी माणसं वाचली. (तिच्या सरांनी त्या दोन ओळी गाळल्या नव्हत्या.)

एक मात्र लक्षात ठेव. पाणी दरवेळी आधी मागे जातंच असं नाही. काही किनाऱ्यांवर आधीच चढतं. तेव्हा किनाऱ्यावर असताना जमीन बराच वेळ जोरात हलली, तर पाण्याची वाट बघायची नाही, सरळ वर जायचं.

ठाण्यात त्सुनामी येऊ शकते का? माझ्या मुलाने खाडीजवळ फ्लॅट घेतला आहे. – एक वाचक, कळवा

मुंबईत येऊन गेली आहे, म्हणून ‘कधीच नाही’ असं मी म्हणणार नाही.

२८ नोव्हेंबर १९४५ची पहाट. बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ, समुद्राखाली ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. चार-पाच तासांनी, सकाळी आठच्या सुमाराला, मुंबईला पाणी चढलं. सुमारे दोन मीटर. दांडा, जुहूला नांगरलेल्या होड्या सुटून गेल्या आणि मुंबईत पंधरा माणसं वाहून गेल्याची नोंद आहे. आपल्या बाजूच्या समुद्राला त्सुनामी पाठवू शकणाऱ्या जागा मुख्यतः दोन : ही मकरानची आणि दुसरी अंदमान-सुमात्राची. दुसरीची लाट आपल्याकडे यायची तर तिला श्रीलंकेला वळसा घालावा लागतो. २००४ला तिने तो घातलाही आणि केरळात कोल्लमजवळच्या आलप्पाडमध्ये शंभरावर माणसं मारली, पण मुंबईपर्यंत येता येता तिचा दम गेला होता.

आता थोडं गणित करू. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. खोली मीटरमध्ये घ्या, दहाने गुणा, वर्गमूळ काढा. सेकंदाला किती मीटर ते मिळतं. चार हजार मीटर खोल समुद्रात चाळीस हजारांचं वर्गमूळ दोनशे, म्हणजे ताशी ७२० किलोमीटर. विमानाचा वेग. पण मुंबईपुढचा समुद्र थाळीसारखा उथळ आहे. बॉम्बे हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे आणि तिथेसुद्धा पाणी जेमतेम ७५ मीटर. तिथे हीच लाट ताशी शंभरवर येते. खाडीत पाच मीटर पाणी धरलं तर पंचविसावर. म्हणून तर मकरानहून मुंबईला यायला तिला इतके तास लागले.

वेग कमी झाला म्हणजे लाट गरीब झाली असं समजू नका. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या जिन्यावर काय होतं? पुढचे अडतात, मागचे येतच असतात आणि गर्दी चढत जाते. लाटेचंही तसंच, म्हणून खोल समुद्रात हातभर असलेली लाट किनाऱ्याजवळ उंच होते. आपल्या बाजूने दोन गोष्टी आहेत. एवढ्या लांबच लांब उथळ तळावर घासत येताना तिची बरीच ताकद जिरते. आणि पुढे मुंबई बंदरातून आत वळून, चिखल आणि तिवरांतून वाट काढत कळव्यापर्यंत यायचं म्हणजे तिचा आणखी घाम निघणार. तिवरं तोडून जॉगिंग ट्रॅक मागणाऱ्यांना हे कोणीतरी सांगा. शिवाय ऑक्टोबर २००७पासून हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र आहे. समुद्राच्या तळाशी बसवलेली यंत्रं वरच्या पाण्याचा दाब मोजत असतात, त्यावरून लाट खरंच निघाली की नाही ते कळतं. मकरानची लाट असेल तर आपल्याला तासांत वेळ मिळेल.

मुलाच्या फ्लॅटपायी झोप उडवून घ्यायचीच असेल तर दुसऱ्या गोष्टीसाठी घ्या. उधाणाची भरती आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस. नवी मुंबईचा बराच भाग खाडीत भर घालून केलेला, उधाणाच्या पाण्याहून खाली. म्हणून तिथे डच पद्धतीचे होल्डिंग पाँड ठेवले आहेत. भरतीला झडपा बंद होतात, शहराचं पाणी पाँडमध्ये साठतं, ओहोटीला बाहेर जातं. पाँड गाळाने भरला की हिशेब चुकतो.

२६ जुलै २००५ला मी ठाण्यात शाळेत होते. दुपारी तीनला मुलींना सोडायचं की नाही यावर स्टाफरूममध्ये वाद झाला, आणि वाद संपेपर्यंत फाटकापाशी पाणी गुडघ्यावर आलं. चाळीसेक मुली रात्रभर दुसऱ्या मजल्यावर होत्या. प्रयोगशाळेच्या स्पिरिटच्या दिव्यांवर चहा केला, त्याला कसलातरी वास होता, तरी सगळ्या प्यायल्या. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३च्या आसपास. एकाच शहरात! पाऊस असा जागा निवडून झोडपतो. त्सुनामी सगळा किनारा धरून येते.

गावाला उन्हाळ्यात दिसते ती वावटळ म्हणजे छोटा टोर्नेडोच ना? भारतात टोर्नेडो होतात का? – एक वाचक, डोंबिवली

नाही. वावटळ जमिनीतून वर जाते, टोर्नेडो ढगातून खाली येतो. एप्रिल-मेच्या दुपारी रान तापतं, तापलेली हवा वर उठते, तिला गिरकी मिळते, धूळ-पाचोळा फिरतो आणि दोन-चार मिनिटांत सगळं शांत. डोक्यावर ढग असायचीही गरज नाही. आमची आजी सांगायची, वावटळीच्या मध्ये उभं राहू नये, पळवून नेते. मी मुद्दाम उभी राहिले होते. डोळ्यांत माती गेली.

भारतात टोर्नेडो होतात, पण कमी, आणि बहुतेक पूर्वेला, पावसाळ्याच्या तोंडावर. बंगालच्या उपसागराची दमट हवा आणि वायव्येकडून येणारी कोरडी हवा तिथे एकमेकींना भेटतात. ३१ मार्च २०२४ला पश्चिम बंगालमध्ये जलपायगुडीजवळ झाला. दिल्लीत १७ मार्च १९७८ला झाला होता, २८ माणसं गेली. जगातला सगळ्यात जीवघेणा मानला जातो तो अमेरिकेतला नव्हे, बांगलादेशातला : २६ एप्रिल १९८९, दौलतपूर-सतुरिया, सुमारे तेराशे बळी. अमेरिकेत टोर्नेडो जास्त होतात, पण माणसं मरतात ती घरं कच्ची असतात तिथे.

वादळांना नावं असतात, मग त्सुनामी आणि टोर्नेडोला का नसतात? – एक वाचक, कोपरी

नाव ठेवायला बारशापुरता तरी वेळ हवा! चक्रीवादळ समुद्रावर दिवसेंदिवस जगतं, कधी एकाच वेळी दोन असतात, म्हणून इशाऱ्यात घोटाळा नको यासाठी नावं. आपल्या भागातल्या तेरा देशांनी ती आधीच देऊन ठेवली आहेत; ‘निसर्ग’ बांगलादेशाने दिलेलं, ‘तौक्ते’ म्यानमारने. टोर्नेडो नाव ठरेपर्यंत विरून जातो, आणि त्सुनामीही काही तासांचीच पाहुणी.

एकामागून एक इतक्या आपत्ती येताहेत, निसर्ग कोपला आहे असं तुम्हाला वाटत नाही का? – एक वाचक, नेरूळ

नाही वाटत. ‘कोप’ म्हटलं की तपासायचं काही उरत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गणपती नुकतेच बुडवून माणसं झोपली होती. तीव्रता ६.२च्या आसपास, जपानमध्ये एवढ्या भूकंपात इतके बळी सहसा जात नाहीत. आपल्याकडे दहा हजारांच्या आसपास गेली, कारण मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती झोपलेल्यांवर पडल्या. यात निसर्गाचा वाटा किती आणि गवंड्याचा किती?

काही आपत्ती एकमेकींचा हात धरून येतात, हे खरं. भूकंपामागून त्सुनामी, पावसामागून दरड. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूरजवळच्या इर्शाळवाडीवर डोंगर उतरला तो दिवसेंदिवसच्या पावसानंतर. चक्रीवादळामागून वादळी उधाण येतं, वाऱ्याने किनाऱ्यावर ढकललेलं पाणी. बघणाऱ्याला ते त्सुनामीसारखंच वाटतं. १९७०च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात लाखो माणसं गेली ती वाऱ्याने नव्हे, या पाण्याने. पण वादळामुळे किल्लारीसारखा भूकंप येत नाही, आणि ग्रहणामुळेही नाही.

त्सुनामीचा इशारा आला तर होडी खोल पाण्यात न्यावी असं ऐकलं. आम्ही खाडीत डोल (जाळं) लावतो. काय करायचं? – एक मच्छीमार, दिवाळे कोळीवाडा

दादा, ऐकलंत ते खरं आहे, पण आपल्या खाडीला लागू नाही. खोल समुद्रात त्सुनामी होडीखालून जाते आणि कळतही नाही. जपानी कोळी दिवसभर मासेमारी करून परत यायचे तेव्हा बंदर उद्ध्वस्त झालेलं असायचं, समुद्रात तर काहीच जाणवलेलं नसायचं. म्हणून त्यांच्या भाषेत ‘त्सु’ म्हणजे बंदर, ‘नामी’ म्हणजे लाट. पण तशी खोली गाठायची तर तुम्हाला दिवाळ्याहून निघून बॉम्बे हायच्याही पलीकडे जावं लागेल. तेवढ्यात लाट वाटेत, उथळ पाण्यात गाठेल. आधीच बाहेर खोल पाण्यात असाल तर तिथेच थांबा, बंदरात येऊ नका. किनाऱ्यावर असाल तर होडी दोन्हीकडून बांधा आणि तिला सोडून वर जा. पहिलं पाणी ओसरलं की जाळं बघायला खाली उतरू नका. दुसरी किंवा तिसरी लाट पहिलीहून मोठी असू शकते आणि हा खेळ कित्येक तास चालतो. उतरायचं ते सरकारी माणसाने सांगितल्यावरच.

आता माझं एक काम करा. १९४५ साली दिवाळ्यात, सारसोळ्याला किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात पाणी वेड्यासारखं वागलं का, हे मला कुठे लिहिलेलं सापडत नाही. तुमच्या घरात आजी-आजोबांनी कधी सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळेला भरलेल्या पाण्याची गोष्ट सांगितली असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. लिहायला वेळ नसेल तर येते मी एका संध्याकाळी वही घेऊन, ऐरोलीहून लांब नाही.